सात कपाळांची नागीण

मी वाजेत बोलतेय. निदान लोक तरी मला याच नावानं ओळखतात. उत्तरेकडच्या पाणथळीतली नागदेवी, राजाची राखणदार, शत्रूवर आग ओकणारी, असं बरंच काही माझ्याबद्दल गायलं जातं. पुजारी मान वर करून, डोळे मिटून गातात. त्यांना माझ्याबद्दल इतकी खात्री आहे आणि मलाच नाही, याचं मला नेहमी नवल वाटत आलंय.

मी दिसायला लहान आहे. माणसाच्या तर्जनीएवढी. अंग सोन्याचं, डोकं गडद निळ्या दगडाचं, डोळे लाल मण्यांचे. फणा उभारलेला. पाठीमागे दोन कड्या आहेत. त्यांतून खीळ सरकवली की मी राजाच्या कपाळपट्टीवर घट्ट बसते आणि तो जिकडे तोंड करील तिकडे बघते.

मला नेही सोनारानं घडवलं. नेही अंगानं बुटका, पण राजवाड्याच्या सोनारशाळेत त्याच्या हाताला तोड नव्हती. त्याची बायको तिती दुपारी भाकरी, कांदे आणि बिअरचा गडू घेऊन यायची आणि नवरा जेवत असताना त्याच्या कामातल्या खोड्या काढत बसायची.

"अहो, हिचा डावा डोळा तिरका बसलाय," ती माझ्याकडे निरखून म्हणाली.

"नागिणीचा डोळा तिरकाच असतो."

"पण ही देवी आहे ना?"

"उद्या दुपारी होईल. पुजारी येतील, तोंडाला हत्यार लावतील, मंत्र म्हणतील, मग देवी. आज अजून सोनंच आहे. हात लावायचा तर लावून घे."

तितीनं कांद्याच्याच हातानं माझ्या फण्यावरून बोट फिरवलं आणि हसली.

दुसऱ्या दिवशी पुजारी आले. धूप जळला, मंत्र झाले, तांब्याचं थंड हत्यार माझ्या ओठांना लागलं. आता आत काहीतरी पेटणार म्हणून मी वाट बघत राहिले. काहीच पेटलं नाही. तोंडात तांब्याची चव तेवढी राहिली. पण समोर बघते तर नेही आणि तिती, दोघंही जमिनीला नाक टेकवून पालथे पडलेले. काल माझा डोळा तिरका म्हणणारी बाई आज मान वर करायला धजत नव्हती. माझ्यात काय बदललं, ते मला कळलं नाही. विचारायचं तरी कुणाला?

तिथून मी सेन्बीच्या हाती आले. सेन्बी राजाच्या कपाळपट्टीचा रखवालदार. लांबट चेहऱ्याचा, हळू बोलणारा माणूस. रोज सकाळी तो मला पेटीतून काढायचा, मऊ कापडानं पुसायचा आणि राजाच्या कपाळावर बसवायचा. संध्याकाळी उतरवायचा. त्याच्याइतका माझ्याशी बोललेला दुसरा माणूस नाही. "चला बाईसाहेब, आज परदेशचे लोक येणार आहेत, जरा ताठ बसा," असं काहीबाही.

पहिल्या राजाचं डोकं सतत दुखायचं. मी जड आहे म्हणून तो कुरकुरायचा आणि कुणी बघत नसलं की पट्टीखाली बोट घालून खाजवायचा. त्याच्या राज्याभिषेकाला मोठा पुजारी ओरडून म्हणाला होता, "देवीला तिचा धनी सापडला! आता अनंत काळ ती याच कपाळी!" मला ते खरंच वाटलं. तीन वर्षांनी तो राजा वारला आणि त्याच पुजाऱ्यानं दुसऱ्याच्या राज्याभिषेकाला, त्याच आवाजात, तेच म्हटलं. मी गोंधळले. अनंत काळ म्हणजे तीन वर्षं, असं असेल का इथं?

दुसऱ्या राजाबद्दल सांगताना मला अजून अवघडल्यासारखं होतं. तो धडधाकट होता, खाण्याचा शौकीन होता. राजाच्या पायाखालच्या चौरंगावर शत्रूंची चित्रं असतात. दाढीवाले, डोक्यात पिसं खोवलेले, हात मागे बांधलेले. मी रोज ती चित्रं बघायचे आणि मनात ठेवायचे, की असे कुणी दिसले की आग ओकायची. एका दुपारी राजा भाजलेलं बदक खात बसला होता. त्याचा सख्खा भाऊ स्वतःच्या हातानं पेला घेऊन आला. भावाला दाढी नव्हती. पिसं नव्हती. तो हसत होता. राजा प्याला, थोड्या वेळानं पोट धरून वाकला, आणि मग त्याच्या कपाळासकट मी चौरंगावर आदळले. त्या दाढीवाल्यांच्या चित्रांवर.

मी सगळं बघितलं होतं. पेला माझ्या डोळ्यांसमोरून गेला होता. मी काही केलं नाही, कारण काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. आणि महिनाभरात सेन्बीनं मला त्या भावाच्याच कपाळावर बसवलं. मोठा पुजारी म्हणाला, "देवीला तिचा धनी सापडला!"

असे चार झाले. दर वेळी डोक्याचं माप बदलायचं, पट्टी सैल नाही तर घट्ट करावी लागायची. पाचवा आला रेन्सी.

रेन्सीचं राजघराण्याशी काहीच नातं नव्हतं. तो दक्षिणेकडच्या कालव्यांवर बांधांचा मुकादम होता. पुराचं पाणी कुठं अडवायचं, कुठं सोडायचं, एवढंच त्याला कळायचं. चौथ्या राजाच्या मागं कुणी उरलं नाही, दोन सेनापतींचं एकमेकांशी पटेना, तेव्हा प्रधानजींनी त्याला शोधून आणला. कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. आपण सांगू तिथं शिक्का मारील, असा त्यांचा अंदाज. रेन्सीनं आईलाही बरोबर आणलं. हेतेपेत तिचं नाव. अख्खा दरबार ज्याच्यापुढं पालथा पडायचा त्याला ती "रेन्सू" म्हणायची.

"रेन्सू, तो साप कपाळावर टोचत नाही का रे?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"आई, ती देवी आहे."

"असू दे की. टोचते का ते विचारलं."

"टोचते थोडी."

मला राग यायला हवा होता की काय, कोण जाणे. मला बरं वाटलं. टोचते का, असं माझ्याबद्दल कुणी कधी विचारलं नव्हतं.

रेन्सी प्रधानजींच्या अंदाजाप्रमाणे वागला नाही. त्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात बांधांवरची माणसं काढून प्रधानजींनी स्वतःच्या थडग्याचे दगड ओढायला लावली होती. रेन्सीला ते कळलं. पूर तोंडावर आलेला. त्यानं भर दरबारात विचारलं, "प्रधानजी, तुम्ही लगेच मरणार आहात का?"

प्रधानजींनी मान लववली.

"नाही, महाराज."

"मग दगड थांबू शकतात. पाणी थांबत नाही. माणसं आजच्या आज बांधांवर परत पाठवा."

माणसं परत गेली. शिपायांमध्ये अर्धेअधिक त्याच गावांमधले होते. ते रेन्सीला मनापासून मानू लागले. प्रधानजी वाकून हसले. ते हसणं मी कपाळावरून अगदी समोरून बघितलं, आणि त्या पेल्याच्या दुपारची आठवण होऊन मला धास्ती वाटली. पण धास्ती वाटली की देवीनं काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

नव्या वर्षाच्या पूजेला दोन दिवस होते. पुराचं पाणी चढू लागलं की राजा घाटाच्या पायऱ्या उतरतो आणि नदीत फुलं सोडतो. सेन्बी पेटी उघडून मला पुसत बसला होता. तेवढ्यात प्रधानजी एकटेच आत आले आणि त्यांनी मागचं दार लावून घेतलं.

"सेन्बी, तुझे हात हल्ली थरथरतात असं ऐकलं."

"वय झालं, प्रधानजी."

"मग पूजेच्या दिवशी एखादी खीळ नीट बसली नाही, तर कुणाला नवल वाटायचं नाही."

सेन्बीनं मला कापडावर ठेवलं.

"महाराज पायऱ्या उतरताना खाली वाकतात. त्या वेळी देवी कपाळावरून निसटली की झालं. गाव बघेल, शिपाई बघतील. देवीनंच सोडून दिलं म्हटल्यावर त्याच्यासाठी कुणी भाला उचलणार नाही. पुढचं माझ्याकडे लागलं."

"आणि... नाही निसटली तर?"

"देदेत अजून विणकामघरातच असते ना?" प्रधानजींनी अगदी मायेनं विचारलं. "तिथं कोण राहतं, कोण जातं, ते माझ्याच हातात आहे. तिला सांभाळ."

देदेत सेन्बीची बायको. प्रधानजी गेल्यावर सेन्बीनं मला उचलून डोळ्यांसमोर धरलं. मग म्हणाला, "बाईसाहेब, तुम्हीच सांगा. तुम्ही खऱ्या राजाला राखता ना? मग हा खरा आहे का? खरा असेल तर तुम्ही पडणारच नाही, मी खीळ ढिली केली तरी. आणि पडलात तर तो खोटा. म्हणजे दोष माझ्याकडे येत नाही. बरोबर ना?"

मला ते बरोबर वाटलं. मग चूक वाटलं. खीळ ढिली असली तर मी पडणार, समोर कुणीही असो, हे मला आतून ठाऊक होतं. पण हे देवीला ठाऊक असतं की सोन्याला?

सेन्बी मला कापडात गुंडाळून नेहीकडे घेऊन गेला. नेही आता म्हातारा झाला होता, डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. तिती जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यानं मला बोटांनी चाचपलं आणि लगेच ओळखलं.

"डावा डोळा तिरका. माझीच."

सेन्बीनं सगळं सांगितलं आणि विचारलं, "नेहीदादा, तू घडवलीस हिला. खरं सांग, हिच्यात काही आहे का?"

"मला काय विचारतोस? मी घडवताना फक्त धातू बघतो. धातू बघितला नाही तर हात भाजतो."

"मग मी काय करू?"

नेहीनं माझ्या कड्यांवरून बोट फिरवलं. "खीळ झिजली असेल तर मी घट्ट करून देतो. ढिली करायची तर तुझी तू कर. माझ्या हातून नाही व्हायची. आणि का नाही, ते मला विचारू नकोस. मला सांगता येणार नाही."

पूजेची सकाळ उजाडली. रेन्सी तिवईवर बसला होता. हेतेपेत कोपऱ्यात बसून अंजीर खात होती. सेन्बीनं पट्टी बांधली, मला कड्यांमध्ये बसवलं आणि खीळ सरकवली. अर्धीच. मला ते जाणवलं. पाय घसरतोय असं माणसाला वाटत असेल, तसं.

रेन्सीनं डोकं थोडं पुढं झुकवलं, मग मागं नेलं. "सेन्बी, ढिलं आहे."

सेन्बी एक पाऊल मागं सरकला.

"मी वीस वर्षं बांध बघितलेत. कुठली गाठ ढिली आहे ते मला अंगाला कळतं. चुकून राहिलं की कुणी सांगितलं?"

सेन्बीनं त्याचे पाय धरले. त्यानं सगळं सांगून टाकलं. प्रधानजी, घाट, देदेत. शेवटी म्हणाला, "महाराज, मला मारा, पण तिला तिथून काढा."

"तुला मारून काय मिळणार मला?" रेन्सी म्हणाला. "खीळ घट्ट केली तर तुझ्या बायकोवर येईल. शिपायांना सांगितलं तर ते माझ्या बाजूनं उभे राहतील. निम्मे. उरलेले प्रधानजींच्या बाजूनं. आज घाटावर गाव जमलंय, पोराबाळांसकट." त्यानं आईकडे बघितलं. "आई, मी काय करू?"

हेतेपेतनं अंजिराचं देठ टाकून दिलं. "तुला राजा राहायचंय का?"

"मला बांधांवर जायचंय. आल्या दिवसापासून तेच म्हणतोय."

"मग पडायच्या आधी उतर की. देवी पडली तर तू खोटा. पण देवीनंच तुला कामाला पाठवलं तर? अख्ख्या गावासमोर सांग, पहाटे ती बोलली म्हणून. उत्तरेची देवी म्हणाली, ऊठ आणि पाणी राख. प्रधानाला सिंहासन रिकामं हवंय, त्याला ते मिळतं. आणि देवीच्या हुकमानं जाणाऱ्या माणसाला तो हात लावणार नाही. बांधांवरच्या माणसांना तर मुळीच नाही. तेही देवीच्याच तोंडी घाल."

"आई, पण ती तसं बोलली नाही."

"तू विचारलंस कधी?"

मग ती म्हातारी उठली, माझ्या अगदी जवळ आली. तिच्या तोंडाला अंजिराचा वास होता. "रागावू नकोस, बाई," ती हळूच म्हणाली. "तुझ्या नावानं चार शब्द बोलतोय. माझा एकुलता एक आहे."

सेन्बीनं खीळ काढली आणि पुन्हा नीट, शेवटपर्यंत सरकवली.

घाटावर ढोल वाजत होते. पाणी मातकट लाल झालेलं, तिसऱ्या पायरीपर्यंत आलेलं. प्रधानजी पायऱ्यांच्या कडेला उभे होते आणि त्यांची नजर माझ्यावर खिळलेली होती. रेन्सी वाकायच्या जागी थांबला. वाकला नाही. त्यानं हात उंच केले तसे ढोल थांबले.

त्याला भाषण करता येत नव्हतं. बांधावरून पलीकडच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात तो ओरडला, "पहाटे वाजेत माझ्याशी बोलली! म्हणाली, राज्य दुसरा कुणी बघेल. तू पाणी राख. बांधावरचा माणूस पूर ओसरेस्तोवर कुणी हलवायचा नाही, असंही म्हणाली. तिनं सांगितलं, मी निघालो!"

आणि त्यानं स्वतःच्या हातानं खीळ काढून मला कपाळावरून उचललं. कोंबडीचं पिल्लू उचलावं, तितक्या हळू. मला सेन्बीच्या ओंजळीत ठेवलं.

कुणाला काय करावं ते सुचेना. मोठ्या पुजाऱ्याच्या हातातली फुलं तशीच राहिली. असा मंत्रच त्याच्याकडे नव्हता. तेवढ्यात हेतेपेतनं जमिनीवर लोळण घेतली. "वाजेत माते!" तिच्यामागं बायका पडल्या, मग शिपाई, मग अख्खा घाट. प्रधानजी एकटेच उभे उरले. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. आपल्या हाती हवं ते पडलंय आणि तरी काहीतरी निसटलंय, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग तेही हळूहळू खाली वाकले.

मी सेन्बीच्या ओंजळीत होते आणि माझं डोकं भणभणत होतं. मी पहाटे काही बोलले नव्हते. मला नक्की आठवत होतं. नंतर इतक्या लोकांनी ते इतक्यांदा सांगितलं, भिंतीवर कोरलं, पुजाऱ्यांनी गाण्यात घातलं, की आता मला तितकंसं नक्की सांगता येत नाही. बोलले असेनही.

रेन्सी आणि हेतेपेत त्याच दिवशी नावेतून दक्षिणेकडे गेले. त्यांना कुणी अडवलं नाही. देदेत विणकामघरात राहिली. बांध त्या वर्षी टिकले. आणि मला सहाव्या राजाच्या कपाळावर बसवण्यात आलं. त्याला धनी म्हणण्याआधी मोठा पुजारी जरा अडखळला, एवढंच.

सेन्बी पुढं सहा वर्षं जगला. त्या सकाळबद्दल तो माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही. फक्त पेटीचं झाकण लावताना पूर्वी "बरंय बाईसाहेब" म्हणायचा, त्याऐवजी नुसता हात जोडायचा. त्या दिवसानंतर तो मला जास्त मानू लागला होता की कमी, तेही मला कळलं नाही. आता त्याच्या जागी दुसरा माणूस आहे. तो माझ्याशी बोलत नाही.

सध्या मी सातव्या राजाच्या कपाळी आहे. परवा दक्षिणेकडच्या बांधांवरची माणसं दरबारात आली होती, सुकी मासळी आणि लव्हाळ्याच्या टोपल्या घेऊन. सगळी ओळीनं पालथी पडली. उठताना त्यातला एक उन्हानं रापलेला, पांढऱ्या केसांचा माणूस राजाकडे न बघता वरती माझ्याकडे बघत राहिला. त्यानं अंगठ्यानं स्वतःच्या कपाळाचा मधला भाग चोळला. त्याचे ओठ हलले. मी जीव एकवटून बघितलं. "बरी आहेस ना?" म्हणाला असेल. "उपकार झाले" म्हणाला असेल. कदाचित खजूर चघळत असेल. मग बाकीच्यांबरोबर तो पाठ न दाखवता मागं सरकत दाराबाहेर गेला.

मी तेव्हापासून विचार करतेय. दुसरा राजा माझ्या डोळ्यांदेखत मेला, आणि मी कपाळावर घट्ट होते. हा एक रेन्सी जगला, आणि मी त्याच्या कपाळावरून उतरले होते. यातलं राखणं कुठलं? ज्या दिवशी मी काहीच केलं नाही, त्याच दिवशी सगळं माझ्या नावानं झालं. मग ते माझं की त्या म्हातारीचं?

तुम्हीही कुठंतरी, कुणापुढं तरी हात जोडत असाल. एक विनंती आहे. मागायचं ते जरूर मागा, आमच्या नावानं बोलायचं ते बोला. पण नंतर एकदा येऊन पुढं काय झालं ते सांगून जा. तुम्ही मागून निघून जाता आणि आम्ही इथं डोळे उघडे ठेवून बसतो. आम्हाला कुणी काही कळवत नाही.

आज सकाळपासून वाड्यात धावपळ चाललीय. कुणी मोठ्यानं बोलत नाही. नवीन रखवालदार आत्ताच येऊन कपाळपट्टीचं माप बदलून गेला.